वादळी हवामानात विमानतळावरील वायुवेगमापकांवर कितपत विसंबावे?

नभोवेध

विमान उतरण्यापूर्वी नियंत्रण मनोऱ्यातून वैमानिकाला वाऱ्याची दिशा आणि वेग सांगितला जातो, आणि उतरायचे की पुन्हा वर चढायचे याचा निर्णय बऱ्याच अंशी त्या दोन आकड्यांवर ठरतो. मी हवामानशास्त्राचा विद्यार्थी आहे. विमान वाहतुकीशी माझा थेट संबंध नाही. पण वाऱ्याच्या नोंदींवर काम करताना एक गोष्ट सतत खटकते, ती अशी की जेव्हा वारा सर्वाधिक असतो नेमक्या त्याच वेळच्या नोंदी अपुऱ्या, संशयास्पद किंवा मुळातच गायब असतात. १९९२ सालच्या अँड्र्यू चक्रीवादळात फ्लोरिडाच्या किनाऱ्याजवळील फोवी रॉक्स येथील स्वयंचलित केंद्राने वादळाचा गाभा पोहोचण्याच्या सुमारास माहिती पाठवणे थांबवले, आणि त्यामुळे तिथे प्रत्यक्षात वारा किती होता याचे उत्तर केवळ अंदाजानेच द्यावे लागते. याउलट १० एप्रिल १९९६ रोजी ऑलिव्हिया चक्रीवादळात ऑस्ट्रेलियाच्या बॅरो बेटावर वाट्यांच्या साध्या वायुवेगमापकाने ताशी ४०८ किलोमीटरचा झोत नोंदवला आणि जागतिक हवामान संघटनेने पुढे कसून तपासणी करून तो विक्रम म्हणून मान्यही केला. म्हणजे यंत्र टिकू शकते, हे तर उघड आहे.

म्हणून माझा प्रश्न असा आहे. अचानक वादळ धडकले, विजा चमकत आहेत, पाऊस आडवा येतो आहे, अशा वेळी धावपट्टीच्या बाजूला उभ्या असलेल्या यंत्राचा आकडा किती खरा धरावा? ते चुकत असेल तर जास्त दाखवण्याकडे चुकते की कमी दाखवण्याकडे? आणि मनोऱ्यात बसलेल्या माणसाला ते चुकते आहे हे त्या क्षणी कळते तरी कसे? या कामाशी प्रत्यक्ष संबंध असलेल्यांनी सविस्तर लिहावे, ही विनंती.

मापनकक्ष

मी अशा यंत्रांच्या देखभालीचे काम करतो, त्यामुळे यंत्राच्या बाजूने उत्तर देतो. मनोऱ्यातील आणि विमानातील बाजू इतरांनी सांगावी.

आपल्या दुसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण माझ्या मते तोच सर्वांत महत्त्वाचा आहे. बिघडलेले यंत्र बहुतेक वेळा कमी दाखवण्याकडे चुकते, आणि म्हणूनच ते धोकादायक असते. तीन वाट्या उभ्या दांड्याभोवती फिरतात त्या यंत्रात बेअरिंग झिजले, त्यात धूळ किंवा ओल गेली, की घर्षण वाढते आणि वाट्या हळू फिरू लागतात. याचा परिणाम आधी मंद वाऱ्यात दिसतो. जोराच्या वाऱ्यात घर्षणाचा वाटा तुलनेने लहान ठरतो, म्हणून झिजलेले यंत्रही वादळात बऱ्यापैकी जवळचा आकडा देऊ शकते. बर्फाचे मात्र तसे नाही. वाट्यांवर बर्फ चढू लागला की वेगाचा आकडा उतरत जातो, आणि पडद्यावर पाहणाऱ्याला वाटते की वारा पडतो आहे. शेवटी वाट्या जाम होतात आणि यंत्र ‘शांत’ असे दाखवते. आकडा येणेच बंद झाले तर निदान संशय तरी येतो, पण शून्य हा एक वैध आकडा आहे आणि त्याने कोणाचेही लक्ष वेधले जात नाही.

अशा वेळी वेगाऐवजी दिशेच्या नोंदीकडे पाहावे. खरा वारा कधीही एका दिशेवर खिळून राहत नाही; मिनिटभराच्या नोंदीत दिशादर्शकाची सुई काही अंश इकडे-तिकडे हलतच असते. ती जर सलग काही मिनिटे एकाच अंशावर स्थिर असेल, तर दिशादर्शकाचे पाते अडकले आहे असे समजून चालावे. चांगल्या प्रणालीत दिशेतील हा चढउतार आपोआप तपासला जातो आणि तो शून्याजवळ गेला की नोंदीवर संशयाची खूण पडते. ही तपासणी सोपी आहे, स्वस्त आहे, आणि ती जिथे केली जात नाही तिथे का केली जात नाही हे मला अजिबात समजत नाही.

जास्त दाखवण्याची चूकही असते, पण ती लहान असते. वाट्या झोतासरशी लवकर वेग पकडतात आणि झोत ओसरल्यावर तितक्या लवकर मंदावत नाहीत, त्यामुळे झोताझोताने येणाऱ्या वाऱ्यात त्यांची सरासरी किंचित वर राहते. नव्या वेगाच्या जवळपास दोन तृतीयांश फरक पकडण्यासाठी यंत्रावरून किती मीटर वारा वाहून जावा लागतो, त्या अंतरावरून यंत्राची चपळाई मोजतात. हे अंतर साधारण दोन ते पाच मीटर असावे अशी अपेक्षा असते. हलक्या वाट्या चपळ असतात, मजबूत वाट्या सुस्त असतात, आणि वादळात टिकायचे असेल तर मजबूत हव्यात. हा पेच कायमचा आहे.

आता अल्ट्रासोनिक यंत्रांविषयी. यांत फिरणारा एकही भाग नसतो. समोरासमोरच्या दोन संवेदकांमध्ये ध्वनीचा स्पंद आधी एका दिशेने आणि मग उलट दिशेने पाठवला जातो. वाऱ्याच्या सोबत जाणारा स्पंद लवकर पोहोचतो, विरुद्ध जाणारा उशिरा. दोन्ही वेळा हाती असल्या की गणितात ध्वनीचा स्वतःचा वेग, आणि त्यासोबत तापमानाचा परिणाम, निघून जातो व केवळ वारा उरतो. संवेदकांमधील अंतर वीतभर असते, त्यामुळे हा प्रवास अर्ध्या मिलिसेकंदाच्या आसपास संपतो. झिजण्यासारखे काही नाही, सुरू होण्यासाठी किमान वारा लागत नाही, झोतामागे रेंगाळणे नाही. म्हणूनच अनेक विमानतळांनी वाट्यांच्या जागी ही यंत्रे बसवली.

परंतु मुसळधार पावसात संवेदकाच्या तोंडावर थेंब चिकटला, गार आदळली, किंवा बर्फाचा थर बसला, तर स्पंद पोहोचत नाही किंवा विस्कळीत पोहोचतो. त्यावेळी यंत्र ती नोंद सोडून देते. सेकंदाला अनेक नोंदी घेतल्या जात असल्याने थोड्या गळाल्या तर बिघडत नाही; पण ऐन झोताच्या वेळीच बऱ्याच गळाल्या, तर झोताचा सर्वोच्च आकडा हाती लागतच नाही, आणि उरलेल्या नोंदींची सरासरी मात्र निर्विकारपणे पडद्यावर येत राहते. किती टक्के नोंदी वैध होत्या हा आकडा सरासरीसोबत दाखवला जावा, असे माझे ठाम मत आहे. यंत्र ती माहिती देते; पुढे जाणाऱ्या संगणकात ती बहुधा गाळली जाते. पक्ष्यांचा त्रासही खराच आहे. संवेदकांच्या मधोमध बसलेला पक्षी स्पंदाची वाट अडवतो, म्हणून वर काटे लावावे लागतात.

यंत्राइतकेच महत्त्व खांबाला, विजेच्या पुरवठ्याला आणि तारेला आहे. वारा दहा मीटर उंचीवर मोजायचा असतो, पण खांब धावपट्टीच्या जवळ असेल तर तो विमानाच्या धडकेने सहज मोडेल असा नाजूक असावा लागतो. आणि वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, म्हणजे वेग दुप्पट झाला की खांबावरचा रेटा चौपट होतो. विमान आदळले तर मोडावे आणि वादळात मोडू नये, या दोन्ही अटी एकाच खांबाने पाळायच्या असतात. त्यात उघड्या मैदानातील तो उंच भाग विजेला आपल्याकडे ओढतो. वीज खांबावरच पडायला हवी असेही नाही. जवळपास पडली तरी जमिनीखालच्या तारेत विजेचा लोट शिरतो आणि संवेदक धडधाकट राहून त्याची माहिती वाहून नेणारा भागच जळतो. म्हणून ‘आमच्याकडे दोन यंत्रे आहेत’ असे कोणी सांगितले की मी पहिल्यांदा विचारतो की ती दोन्ही एकाच खांबावर, एकाच पुरवठ्यावर आणि एकाच तारेवर आहेत का. तसे असेल तर वादळापुरते ते एकच यंत्र आहे.

मनोरा_पाळी

मापनकक्ष यांचे लेखन मनापासून पटले. मी हवाई वाहतूक नियंत्रणात काम केले आहे, त्यामुळे आकडा पडद्यावर आल्यानंतर काय होते ते सांगतो. यंत्र अगदी अचूक असतानाही वैमानिकाच्या कानावर चुकीचे चित्र जाऊ शकते, आणि माझ्या समजुतीप्रमाणे वादळातील मोठे अपघात या दुसऱ्या प्रकारात जास्त मोडतात.

मुख्य कारण सरासरी. मनोऱ्यातून सांगितला जाणारा वारा हा आंतरराष्ट्रीय नियमांनुसार मागील दोन मिनिटांची सरासरी असतो. विमानतळाच्या नियमित हवामान अहवालात तीच सरासरी दहा मिनिटांची असते. झोत म्हणजे तीन सेकंदांची सरासरी, आणि तो मूळ वेगापेक्षा साधारण दहा नॉट (एक नॉट म्हणजे ताशी सुमारे १.८५ किलोमीटर) किंवा त्याहून अधिक असेल तेव्हाच वेगळा सांगितला जातो. आता समजा की वारा सहा नॉट आहे आणि गडगडाटी ढगाखालून सुटलेली थंड हवेची लाट धावपट्टीवर पोहोचताच तो एकदम पस्तीस नॉट होतो. अर्ध्या मिनिटाने पडद्यावरील सरासरी किती असेल? नव्वद सेकंद सहा नॉट आणि तीस सेकंद पस्तीस नॉट, म्हणजे सव्वातेरा. यंत्राने काहीही चुकवलेले नाही, गणितही बरोबर आहे, आणि तरीही तो आकडा त्या क्षणी विमानतळावर कुठेच अस्तित्वात नसलेल्या वाऱ्याचा आहे. झोताचा आकडा सोबत सांगितला तरच वैमानिकाला खरी कल्पना येते. दहा मिनिटांच्या सरासरीसाठी नियमात याची सोय आहे, म्हणजे वाऱ्यात ठळक आणि टिकून राहणारा बदल झाला तर बदलापूर्वीच्या नोंदी सोडून द्यायच्या असतात. पण तो बदल ठळक आहे हे ठरण्यासाठी त्याला किमान दोन मिनिटे टिकावे लागते. उतरणीच्या अखेरच्या टप्प्यातल्या विमानापाशी तेवढा वेळ नसतो.

दुसरे कारण जागा. २० डिसेंबर २००८ रोजी डेन्व्हर विमानतळावर कॉन्टिनेंटल कंपनीचे १४०४ क्रमांकाचे बोइंग ७३७ उड्डाणासाठी धावत असताना डावीकडे धावपट्टी सोडून गेले. सुदैवाने विमानातील ११५ जणांपैकी कोणीही दगावले नाही, पण अनेक जण जखमी झाले आणि विमानाने पेट घेतला. त्या विमानतळावर वारा मोजणारे तब्बल ३२ संवेदक होते. वैमानिकांना सांगितलेला वारा २७० अंशांवरून २७ नॉट असा होता. तपासात असे आढळले की धावताना विमानावर ४५ नॉटपर्यंतचा आडवा झोत आला. अमेरिकेच्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाने वैमानिकाने सुकाणूचा पुरेसा वापर न केल्याला मुख्य कारण ठरवले, मात्र उपलब्ध असलेली वाऱ्याची महत्त्वाची माहिती नियंत्रकांपर्यंत आणि वैमानिकांपर्यंत पोहोचवण्याची व्यवस्थाच नव्हती, हेही अपघाताला हातभार लावणारे कारण म्हणून स्पष्ट नोंदवले. मला हा अहवाल वाचताना फार वाईट वाटले, कारण नियंत्रकाची अडचण मला कळते. त्याच्यासमोर त्या धावपट्टीसाठी नेमून दिलेला एक आकडा असतो आणि तो तोच वाचून दाखवतो. शेजारच्या रांगेत दुसऱ्या संवेदकावर वारा बराच जास्त आहे हे पाहून ते आपणहून सांगायचे, हे कार्यपद्धतीत लिहिलेले नसेल तर गर्दीच्या वेळी ते सुचणे कठीण असते.

आणखी एक बारीक गोष्ट, जी बाहेरच्यांच्या सहसा लक्षात येत नाही. लिखित अहवालातील दिशा खऱ्या उत्तरेपासून मोजलेली असते, तर मनोऱ्यातून तोंडी सांगितलेली दिशा चुंबकीय उत्तरेपासून, कारण धावपट्टीचा क्रमांकही चुंबकीय दिशेवरून ठरतो. जिथे या दोन उत्तरांमध्ये बराच फरक असतो, तिथे आडव्या वाऱ्याचे गणित करताना नेमकी कोणती दिशा वापरली हे पाहावे लागते.

नभोवेध

दोघांचेही आभार. सव्वातेरा नॉटचे उदाहरण वाचून सरासरीकडे पाहण्याची माझी दृष्टीच बदलली. एक उपप्रश्न विचारतो. डेन्व्हरला ३२ संवेदक होते असे आपण लिहिले आहे. संवेदकांची संख्या वाढवण्यामागचा मूळ विचार काय होता, आणि त्यातून मायक्रोबर्स्टसारखी, म्हणजे ढगातून एकाएकी खाली कोसळणाऱ्या हवेच्या लोटासारखी, लहान, अल्पजीवी घटना खरोखर पकडली जाते का?

वातरेखा

हा माझ्या अभ्यासाचा विषय आहे, म्हणून थोडे विस्ताराने लिहिते.

२४ जून १९७५ रोजी न्यूयॉर्कच्या केनेडी विमानतळावर उतरताना ईस्टर्न कंपनीचे ६६ क्रमांकाचे विमान कोसळले आणि ११३ जणांचा मृत्यू झाला. त्या अपघाताच्या अभ्यासातून हवामानशास्त्रज्ञ टेत्सुया फुजिता यांनी ढगातून वेगाने खाली येऊन जमिनीवर चहूबाजूंना पसरणाऱ्या हवेच्या लोटाची कल्पना मांडली. त्यातील लहान प्रकार, म्हणजे चार किलोमीटरपेक्षा कमी व्याप्तीचा, तो मायक्रोबर्स्ट. त्यात शिरणाऱ्या विमानाला आधी समोरचा वारा मिळून उचल मिळते, मग खाली दाबणारी हवा लागते आणि लगेच पाठीमागचा वारा येऊन पंखांवरचा हवेचा प्रवाह मंदावतो. उतरणारे विमान साधारण १४० नॉट वेगाने येत असते, म्हणजे हे चार किलोमीटर ते मिनिटाच्या आतच पार करते.

केनेडीच्या अपघातानंतर अमेरिकेत कमी उंचीवरील वाऱ्याच्या बदलाची सूचना देणारी प्रणाली उभारली गेली. तिची पहिली रचना अगदी साधी होती. विमानतळाच्या मध्यभागी एक वायुवेगमापक आणि परिघावर पाच. मध्यावरच्या आणि परिघावरच्या वाऱ्यात दिशा व वेग मिळून १५ नॉटचा फरक पडला की मनोऱ्यात इशारा. कल्पना चांगली होती, पण संवेदकांमधील अंतर इतके होते की एखादा मायक्रोबर्स्ट त्यांच्या मधोमध उतरून कोणालाही स्पर्श न करता संपू शकत असे. शिवाय सगळे संवेदक विमानतळाच्या हद्दीत किंवा तिच्या काठावर, आणि विमान संकटात सापडते ते बहुधा हद्दीबाहेर, उतरणीच्या मार्गावर. २ ऑगस्ट १९८५ रोजी डॅलस-फोर्ट वर्थ येथे डेल्टाचे १९१ क्रमांकाचे विमान नेमके असेच धावपट्टीच्या उत्तरेला, संवेदकांच्या कक्षेबाहेर, मायक्रोबर्स्टमध्ये सापडले. १३७ जणांचा बळी गेला. प्रणालीने इशारा दिला तो अपघात होऊन गेल्यावर, वारा पसरत विमानतळापर्यंत पोहोचला तेव्हा. त्या दिवशी एकही संवेदक नादुरुस्त असल्यामुळे हे घडले असे नाही. संवेदकांनी आपल्या जागेवरचा वारा खरा सांगितला; प्रश्न दुसऱ्या जागेचा होता.

याची दुसरी बाजू १ ऑगस्ट १९८३ रोजी वॉशिंग्टनजवळील अँड्र्यूज हवाई तळावर दिसली. तिथे एका मायक्रोबर्स्टने थेट वायुवेगमापकालाच गाठले आणि सुमारे १३० नॉटचा झोत नोंदला गेला. यंत्र टिकले, नोंद मिळाली, आणि पुढच्या संशोधनाला ती फार उपयोगी पडली. पण त्याच्या अवघी काही मिनिटे आधी राष्ट्राध्यक्ष रेगन यांचे विमान त्याच तळावर उतरले होते, आणि तेव्हा त्या यंत्रावर पुढे येणाऱ्या संकटाची कोणतीही खूण नव्हती. एका खांबावरचे यंत्र आपल्यापाशी वारा पोहोचल्यावरच बोलू शकते, मग ते कितीही उत्तम असो.

त्यानंतर दोन दिशांनी सुधारणा झाली. संवेदकांचे जाळे दाट केले गेले आणि उतरणीच्या मार्गाखाली पसरवले गेले. शेजारच्या संवेदकांवरून वारा कुठे फाकतो आहे हे काढण्याच्या पद्धती आल्या, त्यामुळे एखादा संवेदक शेजाऱ्यांशी सतत विसंगत वागत असेल तर तोही लक्षात येऊ लागला. दुसरीकडे विमानतळांसाठी खास डॉप्लर रडार उभारले गेले. रडारला पावसाचे थेंब लागतात. थेंब कोणत्या वेगाने जवळ येत आहेत किंवा दूर जात आहेत त्यावरून ते वारा काढते, त्यामुळे पावसाळी मायक्रोबर्स्ट त्याला चांगला दिसतो. परंतु कोरड्या हवेत, डोंगरावरून येणाऱ्या खळबळीत, रडारला फारसे काही दिसत नाही. तिथे लायडार उपयोगी पडते, कारण ते हवेतील सूक्ष्म कणांवरून परतणाऱ्या लेसर किरणांवर चालते. हाँगकाँगच्या वेधशाळेने चेक लॅप कोक विमानतळावर २००२ मध्ये लायडार बसवले, कारण लगतच्या लांताऊ बेटावरील डोंगरांमुळे तिथे निरभ्र हवेतही वारा धोकादायक रीतीने बदलतो. मुसळधार पावसात मात्र लायडारची नजर आखूड होते. रडार आणि लायडार या दोघांच्या उणिवा वेगवेगळ्या हवामानात उघड्या पडतात, म्हणून ती एकत्र असावी लागतात, आणि जमिनीवरचे वायुवेगमापक त्या दोघांचीही पडताळणी करतात.

आपल्या मूळ प्रश्नातील ‘नोंद गायब होते’ या मुद्द्याविषयी एक विनंती करते. आपण नोंदींवर काम करता, तर वादळातील सर्वोच्च झोत लिहिताना यंत्र त्यानंतर किती वेळ चालू होते हे जरूर सोबत लिहावे. पुरवठा तुटण्याच्या क्षणापूर्वीचा सर्वोच्च आकडा म्हणजे वादळाचा सर्वोच्च झोत नव्हे. वारा निदान तेवढा होता एवढेच त्यावरून म्हणता येते. संवेदकाच्या मोजमापाची वरची मर्यादा कोणती होती, हेही लिहावे. मर्यादेवर टेकलेला आकडा पुष्कळदा खरा आकडा म्हणून पुढे उद्धृत होत राहतो आणि मग इमारतींच्या रचनेपर्यंत जाऊन पोहोचतो.

उतरती_वाट

वैमानिक म्हणून थोडी भर घालतो. वरील सर्व वाचून कोणाचा समज होऊ नये की सांगितलेल्या वाऱ्यावर आम्ही विसंबत नाही. विसंबतो, आणि विसंबावेच लागते. पण वादळी हवेत तो आकडा आम्ही एकटा घेत नाही. धावपट्टीजवळचा विंडसॉक, म्हणजे वाऱ्याची दिशा दाखवणारी खांबावरची कापडी नळी, कोणत्या बाजूला उभा राहिला आहे, पुढे उतरलेल्या विमानाने काय सांगितले, विमानाच्या नाकातील रडार पुढच्या हवेत काय दाखवते, हे सर्व त्या आकड्याशी जुळते का हे पाहिले जाते. विंडसॉकला कोणी जुने म्हणून हसू नये. तो सरासरी काढत नाही आणि वीज गेली तरी चालतो. धावपट्टीच्या दोन टोकांचे विंडसॉक परस्परविरुद्ध दिशेला फडफडताना दिसले, तर पडद्यावरचा आकडा काहीही असो, तिथे उतरायचे नसते.

विमानातील संगणकही वारा दाखवतो, आणि नवख्या वैमानिकाला तो मनोऱ्याच्या आकड्यापेक्षा ताजा वाटतो. पण तो विमानाची जमिनीवरची गती आणि हवेतील गती यांच्या फरकातून काढलेला असतो, त्यातही काही काळाची सरासरी असते, आणि विमान हवेत तिरके सरकत असेल तर त्यात चूक शिरते. आडव्या वाऱ्याची मर्यादा ओलांडली जात आहे का हे ठरवण्यासाठी तो वापरू नये, असे आम्हाला शिकवले जाते आणि ते योग्यच आहे.

नियंत्रकांना माझी एकच विनंती आहे. संवेदक बंद असेल, संशयास्पद असेल, किंवा दुसऱ्या टोकाच्या संवेदकाशी त्याचा मेळ बसत नसेल, तर तसे स्पष्ट सांगावे. ‘या टोकाचा वारा उपलब्ध नाही’ हे वाक्य ऐकून मी माझा निर्णय बदलू शकतो, इंधन किती आहे ते पाहून थांबू शकतो, दुसरीकडे जाऊ शकतो. धावपट्टीच्या दुसऱ्या टोकाचा आकडा मला या टोकाचा म्हणून मिळाला, तर मला थांबण्याचे कारणच उरत नाही.

मनोरा_पाळी

‘उतरती_वाट’ यांची विनंती रास्त आहे. एका ठिकाणी अशी व्यवस्था पाहिली आहे की संवेदक बंद पडला की संगणक आपोआप पुढच्या संवेदकाचा आकडा त्याच चौकटीत दाखवू लागे, आणि फरक काय, तर कोपऱ्यातील लहानशा अक्षराचा. रात्री, पावसाचे पाणी काचेवरून ओघळत असताना, एकामागून एक विमाने बोलत असताना, ते अक्षर कोणाला दिसणार? पुढे तिथे चौकटीचा रंगच बदलण्याची सोय करून घेतली गेली. पर्यायी आकडा दाखवणे गैर नाही, पण तो पर्यायी आहे हे दुरूनही दिसले पाहिजे आणि तोंडी सांगताना संवेदकाच्या जागेचा उल्लेख झाला पाहिजे.

मापनकक्ष

रंगाचा मुद्दा फार मोलाचा आहे. त्यात एक भर घालतो. वादळ ओसरल्यावर यंत्र आपोआप पुन्हा आकडे देऊ लागते आणि सर्वांना वाटते की ते पूर्ववत झाले. प्रत्यक्षात खांब किंचित फिरलेला असू शकतो, आणि खांब दहा अंश फिरला तर दिशेची प्रत्येक नोंद दहा अंशांनी चुकते. दिशेसाठी अपेक्षित अचूकता मुळात दहा अंशांचीच असते, म्हणजे सगळी मुभा तिथेच संपली. वेगाचा आकडा अगदी बरोबर असल्याने कोणाला शंकाही येत नाही. म्हणून प्रत्येक मोठ्या वादळानंतर कोणीतरी प्रत्यक्ष खांबापाशी जाऊन दिशादर्शकाची उत्तर दूरच्या ठरलेल्या खुणेशी जुळवून पाहावी, वाट्या असतील तर हाताने फिरवून बेअरिंगचा आवाज ऐकावा, अल्ट्रासोनिक यंत्र असेल तर संवेदकांची तोंडे निरखून पाहावीत आणि मगच त्या यंत्रावरची संशयाची खूण काढावी. कार्यालयात बसून पडद्यावर आकडा आला एवढ्यावरून ती काढली जाऊ नये.